दुखांक दोन

माझा पाय मोडला तो माझ्याच मैदानावर, माझ्याच खांबाला आपटून, आणि तोही निवृत्त होऊन तीन महिने झाल्यावर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. निम्मी मिरज हसून झाली आहे, कारण त्या निम्म्या मिरजेच्या लेकींना मी खो-खो शिकवलाय.

झालं असं. शाळेच्या बाजूने भाजी घेऊन येत होते. नवी क्रीडाशिक्षिका मुलींना मॅटवर खांबाचा सूर शिकवत होती. गुडघ्याला पट्टा, कोपराला पट्टा, वर कसलासा फवारा, आणि दर पाच मिनिटांनी "पाणी प्या गं, दमलात का गं?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाजीची पिशवी खाली ठेवली, आत गेले, म्हटलं, "बाजूला हो. सूर कसा मारतात ते बघ." अठ्ठावन्न वर्षांची बाई, साडी खोचली आणि पळाले. हात खांबाला बरोबर लागला, पण उजवी नडगी खांबाच्या बुडावर आदळली. वाळलेली शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज आला. मुली किंचाळल्या. मी नाही किंचाळले.

मी कधीच किंचाळत नाही. मुलगा झाला तेव्हा सुईण मला विचारत होती, "बाई, कळा येतायत ना नक्की?" चौतीस वर्षं सूर्यवंशी बाईंच्या तोंडून कुणी "आई गं" ऐकलेलं नाही, आणि माझ्या मैदानावर कुणा पोरीच्या तोंडून मी ते ऐकून घेतलं नाही. दुखतंय म्हणणारी पोरगी ही नाटकी पोरगी. संपलं.

त्यासाठी माझी एक परीक्षा असायची. सरावात पोरी अगदी रडकुंडीला आल्या की मी आवाज एकदम मऊ करायचे. एखादीच्या डोक्यावरून हात फिरवून विचारायचे, "दमलीस बाळा? बसायचंय का?" जी बिचारी "हो बाई" म्हणेल, तिला मैदानाला आणखी दहा फेऱ्या. दोन-तीनदा फसल्या की पोरी शहाण्या व्हायच्या. मग मी कितीही गोड विचारलं तरी उत्तर एकच, "नाही बाई." अशा पोरींनी मला अकरा वेळा जिल्ह्याची ढाल आणून दिली.

तर, पाय. ऑपरेशन झालं, नडगीत धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले. आणि त्या पट्टीबरोबर हल्ली सगळ्यांनाच बसवतात ती तार बसली.

ज्यांच्या घरात अजून कुणी पडलं-झडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गुडघ्याच्या मागून एक जाड मज्जातंतू जातो. पायाचं दुखणं त्यातूनच मेंदूकडे निघतं, विजेच्या बारीक ठोक्यांच्या रूपात. केसाएवढी तार त्या तंतूला चिकटवून ठेवतात आणि ती ठोके मोजत बसते. पण नुसते ठोके मोजून दुखणं कळत नाही. एकाचे हजार ठोके म्हणजे मुंगी चावणं, दुसऱ्याचे हजार म्हणजे प्राण जाणं. म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी जुळवणी करतात. डॉक्टर ठिकठिकाणी दाबतात, वाकवतात, आणि तुम्ही शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा. यंत्र तुमचा आकडा आणि तुमचे ठोके यांची गाठ मारतं. त्यानंतर ते तुम्हाला कधीच विचारत नाही. तुमच्या पायाचं दुखणं किती, हे ते स्वतःच सांगतं. त्याला म्हणतात दुखांक.

पुढची मेख अशी की सगळं त्या दुखांकावर चालतं. वेदनाशामक गोळ्यांची डबी दुखांक पाचच्या वर गेल्याशिवाय उघडत नाही, कारण लोकांना त्या गोळ्यांची चटक लागून मध्यंतरी फार माणसं वाया गेली. आणि कुबड्या. या कुबड्यांच्या दांड्यात हवेचे दट्टे असतात. दुखांक वर गेला की कुबडी ताठ होते आणि तुमचं वजन उचलते. दुखांक खाली असला की ती एक-दोन बोटं आखूड होते आणि वजन पायावर सोपवते. म्हणजे हाडाला रोज थोडं काम, रोज थोडा भार. डॉक्टर म्हणाले, "यंत्र तुमच्या पायाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखेल, बाई. फक्त आज खरे आकडे सांगा. जुळवणी एकदाच होते."

आणि त्याच वेळी दारातून ती आली. पांढरा कोट, घट्ट वेणी, हातात माझ्या नव्या कोऱ्या कुबड्या.

"बाई! ओळखलंत? प्रांजल. प्रांजल खोत. दहावी ब."

ओळखलं. भेदरट डोळ्यांची, पण सशासारखी पळणारी पोरगी. एका जिल्हा अंतिम सामन्यानंतर तिने खेळ सोडला होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मी तिला नाटकी म्हटलं होतं. आता ती या हॉस्पिटलात पेशंटना व्यायामोपचार द्यायची आणि माझा पाय तिच्याच ताब्यात येणार होता.

"बाई, मी मुद्दाम मागून घेतली तुमची केस," असं म्हणत ती पलंगाच्या पायथ्याशी आली आणि वाकून नमस्कार केला. आधी डाव्या पायाला, मग उजव्या पायाला. बँडेजमधून बाहेर आलेल्या सुजलेल्या बोटांना तिने कपाळ टेकवलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय मुळापासून उपटून निघतोय असं वाटलं.

"दुखलं का बाई?"

"छे! कुठे काय?"

तिचा चेहरा उजळला. देवळात मूर्तीचे डोळे उघडलेले पाहावेत तसं ती माझ्याकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. "हं, किती?"

दहा होते हो. अकरा असते तर अकरा सांगावं असे दहा होते. पण समोर ती उभी होती, दहावी ब.

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी घोटा वळवला. "आता?"

"तीन."

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाई, नक्की? यंत्र तुमच्या शब्दावर चालणार आहे."

"डॉक्टर, आमच्या बाई आहेत त्या," प्रांजल मध्येच म्हणाली. "त्यांचे दोन म्हणजे दोनच."

झाली जुळवणी. दहाच्या दुखण्याला दोनाचा आकडा कायमचा चिकटला, आणि तो चिकटवणारी मी.

घरी आले. कुबड्यांवरचं जगणं काय असतं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता कळलं. हातात काही धरता येत नाही. चहा ओट्यापाशी उभं राहूनच प्यायचा, कारण कप घेऊन खुर्चीपर्यंत जाणार कसं? गळ्यात कापडी पिशवी अडकवली, तीत चष्मा, फोन, पाण्याची बाटली, अशी मी पोस्टमनसारखी घरभर फिरायची. काखेत सोललं, तळव्यांना घट्टे पडले. दोन बोटांचा उंबरठा, जन्मात कधी दिसला नव्हता, तो आता गड चढल्यासारखा चढायचा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पायाला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर.

आणि प्रत्येक पावलाला त्या कुबडीचा मंजुळ आवाज. "दुखांक दोन. छान! भार वाढवत आहे." मग दट्टा सुस्स करून आखूड व्हायचा आणि माझं वजन त्या मोडक्या हाडावर यायचं. मी दात आवळायची. डबी हलवून बघायची. आत गोळ्या खुळखुळायच्या, झाकण उघडायचं नाही.

आमचे हे, श्रीरंगराव, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. गरीब माणूस. पहिले चार दिवस त्यांनी पाणी तापवलं, कुबड्या हातात दिल्या, रात्री उशाशी घंटी ठेवली. मग प्रांजलने त्यांच्या फोनवर माझा दुखांक दिसायची सोय करून दिली. झालं. दुसऱ्या दिवशी ते आपले पत्ते खेळायला गेले.

"अहो, मला आंघोळीला उतरायचं होतं."

"बघितला की मी," ते फोन दाखवत म्हणाले. "दोनच आहे. तुला जमेल."

त्यात टोमणा नव्हता. त्यांची पाठ धरली होती त्या वर्षी मी त्यांच्याकडून गॅसचा सिलिंडर वर चढवून घेतला होता, आणि "पुरुषासारखे पुरुष तुम्ही" असं म्हटलं होतं. त्यांनी तेव्हा विश्वास ठेवला होता माझ्यावर, आता यंत्रावर ठेवला. विश्वास ठेवायची सवयच आहे त्यांना.

तिसऱ्या आठवड्यात मी न्हाणीघरात पडले. कुबडीचं रबर ओल्या फरशीवरून सटकलं आणि सगळं अंग उजव्या पायावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हाक मारली, "अहो! या हो लवकर!"

बाहेरून आवाज आला, "थांब, बघतो." आणि मग, "तीन आहे गं. एवढी दाढी उरकतो." मी ओल्या फरशीवर, अंगावर धड कपडा नाही, आणि बाहेर वस्तऱ्याची खरखर ऐकत पडून राहिले. दहा मिनिटांनी ते आले, खरंच काळजीने आले. उचलताना म्हणाले, "तुझी कमाल आहे हं. दुसरी कुणी असती तर पाच तरी दाखवले असते." मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

त्या दिवसानंतर दुखणं बदललं. आत खोलवर कुणीतरी गिरमिट फिरवतंय असं. बँडेजखाली पाय गरम लागायचा. काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं. मैदानावर जन्म गेला, एवढं मला कळतं. मी हॉस्पिटलात फोन केला, जुळवणी पुन्हा करायची म्हणून. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळेच म्हणतात असं. गोळ्या मिळाव्यात म्हणून. तुमच्या व्यायामोपचार ताईंनी 'आकडे खोटे होते' असं लिहून दिलं तरच करतात."

म्हणजे प्रांजलला सांगायचं. दोन दिवस मी ते तोंडात घोळवलं. पाय जाईल की काय ही भीती एका बाजूला, आणि दहावी ब मधल्या एका पोरीसमोर "मी खोटं बोलले, मला दुखत होतं" असं म्हणणं दुसऱ्या बाजूला. तुम्हाला सांगते, पारडं बराच वेळ समसमान होतं. लाज वाटायला हवी, पण होतं खरं तसं.

प्रांजल आठवड्यातून दोनदा घरी यायची. त्या दिवशी सकाळी आली तशी मी दार लावून घेतलं.

"प्रांजल, ऐक. ते दोन खोटे होते. मला दुखतंय. पहिल्या दिवसापासून दहा दुखतंय. आता तर सोसवतच नाही. तू लिहून दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"ओळखलं, बाई."

"काय ओळखलंस?"

"परीक्षा घेताय माझी." ती अगदी लहान मुलीसारखी खुलली. "तुम्ही आवाज मऊ केलात ना, तेव्हाच ओळखलं. मी 'हो, बसा बाई' म्हटलं असतं तर नापास!"

"अगं परीक्षा नाही, खरंच—"

"बाई, मी सगळ्या पेशंटना तुमचंच सांगते. जिल्ह्याच्या फायनलला मी पडले होते, आठवतंय? पायात कळ मारत होती. तुमच्याकडे आले, म्हटलं दुखतंय. तुम्ही म्हणालात, दुखतंय म्हणजे जिवंत आहेस, पळ. आणि मी नऊ मिनिटं पळाले. नंतर सांगलीला फोटो काढला तर हाड मोडलेलं होतं." हे ती अभिमानाने सांगत होती. "मोडल्या हाडावर नऊ मिनिटं! पुढे वाढच खुंटली या पायाची. पण त्या दिवशी मला कळलं की दुखणं असं काही नसतं, बाई. असते ती नाटकं. तुम्ही प्रार्थनेला म्हणालात ना, ते मी वहीत लिहून ठेवलंय."

मी खाली पाहिलं. तिच्या डाव्या बुटाचा तळ दोन बोटं जाड होता. महिनाभर ती माझ्यासमोर वावरत होती आणि मी बघितलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी सूड शोधला. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पण तिथे नुसती भक्ती होती.

"चला, आज पार्किंगमध्ये दहा फेऱ्या," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी माझ्यासारखा, आणि अगदी माझ्याच मऊ आवाजात विचारलं, "का बसायचंय, बाई?"

मला "हो" म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते, अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

सहा फेऱ्या झाल्या. कुबडी दर फेरीला छान म्हणत होती आणि आखूड होत होती. सातव्या फेरीत वळताना आतून काहीतरी सुटल्याचा आवाज आला. पाय नडगीतून नको तिथे वाकला. मी कोसळले तेव्हा कुबडी म्हणत होती, "दुखांक चार. थोडी विश्रांती घ्यावी."

पट्टी वाकली होती, चार स्क्रू उपटून आले होते आणि हाडात पू झाला होता. दुसरं ऑपरेशन पाच तास चाललं. कुजलेलं हाड काढून टाकलं, बाहेरून सळ्या ठोकून पाय एका लोखंडी पिंजऱ्यात अडकवला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "बाई, तार नवी बसवली आहे. उद्या पुन्हा जुळवणी. या वेळी आकडा चुकला आणि हाडावर भार आला, तर मला गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. समजतंय?"

समजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. हे खिडकीपाशी उभे होते, फोन खिशात, माझ्याकडे बघायची हिंमत नसलेले. प्रांजल पलंगाच्या पायथ्याशी होती. रडून डोळे सुजले होते तिचे, पण उभी ताठ होती, चांगल्या पायावर भार देऊन. आता मला ते दिसत होतं. तिने मला हलकेच मान डोलावून खूण केली. दाखवा यांना, बाई.

डॉक्टरांनी अंगठा दाबला.

"आई गं!" मी ओरडले. चौतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. "दहा! दहा दुखतंय! अहो, मरतेय मी, दहा!"

हे धावत आले आणि माझा हात धरला. डॉक्टर यंत्राकडे बघत म्हणाले, "ठीक. आलं." कुबड्या भिंतीपाशी टेकवलेल्या होत्या. त्या तिथल्या तिथे सुस्स करून ताठ झाल्या.

प्रांजल हलली नाही. "बाई," ती म्हणाली, "परीक्षा?"

"नाही गं पोरी. परीक्षा नाही. खरंच दुखतंय. पहिल्या दिवशी तू कपाळ टेकवलंस तेव्हाही दुखलं होतं. मला आयुष्यभर दुखत आलंय, मी फक्त बोलले नाही."

ती विचार करत राहिली. अवघड गणित सोडवताना पोरी करतात तशा कपाळाला आठ्या घालून.

"म्हणजे मग," तिने विचारलं, "फायनलला माझंही खरंच दुखत होतं?"

"हो."

"म्हणजे मी बसले असते तरी चाललं असतं?"

काय सांगू तिला? खरे आकडे सांगायचं ठरवून बसले होते मी त्या दिवशी. "हो," मी म्हटलं. "बसली असतीस तर पाय धड राहिला असता तुझा."

ती भिंतीला टेकली आणि घसरत घसरत खाली फरशीवर बसली. जाड बुटातला पाय पुढे पसरून. चौतीस वर्षांत माझ्यासमोर न विचारता बसलेली ती पहिली मुलगी. रडली नाही. नुसती त्या जाड तळाकडे बघत राहिली, जणू तो आजच कुणी तिच्या पायात घातलाय.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. माफी मागायची होती. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघावं?

"ऊठ गं."

सवय. दुसरं काही नाही, सवय. शब्द बाहेर पडले आणि मला ते गिळता येईनात. आणि ती उठली. भिंतीला हात लावून, चांगल्या पायावर जोर देऊन, सरळ उभी राहिली. कोट झटकला.

"हो बाई," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "पुढचं ठिकाण घ्या, सर. घोटा राहिलाय."

डॉक्टरांनी घोटा धरला. "किती?"

"दहा," मी म्हटलं.